धडा पुस्तकात, आजार घरात

आम्ही दोघी चुलत बहिणी. चिखली तालुक्यातल्या एका गावात, एकाच घरात वाढलो. दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलो आणि आता बारावी विज्ञानाला एकाच बाकावर बसतो. यंदा जीवशास्त्रात मेंदूचा धडा आला. पुस्तक इंग्रजीत असल्यामुळे रात्री एकीने वाचायचे आणि दुसरीने मराठीत अर्थ सांगायचा, असे आम्ही ठरवले होते. आमची फूफी शेजारी तांदूळ निवडत बसायची आणि ऐकायची.

धडा वाचताना आम्ही थक्क झालो. मोठ्या माणसाचा मेंदू साधारण 1,300 ते 1,400 ग्रॅम वजनाचा, म्हणजे शरीराच्या वजनाच्या जेमतेम 2 टक्के. पण शरीराला लागणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे 20 टक्के ऊर्जा तो एकटा वापरतो. त्यात सुमारे 8,600 कोटी चेतापेशी असतात. विजेच्या बारीक लहरी आणि रसायने यांच्या मदतीने त्या एकमेकींना निरोप देतात. आपण बोलतो, आठवतो, रडतो, सजद्यात झुकतो, ते सगळे या निरोपांवर चालते. अल्लाहच्या निर्मितीचा हा नमुना प्रत्येकाच्या डोक्यात आहे.

मग एके दिवशी सरांनी वर्गात सांगितले की कधी कधी असंख्य पेशी एकदमच बेताल वीज सोडू लागतात. तेव्हा माणसाची शुद्ध हरपते, तो खाली पडतो, हातपाय झटकतो, तोंडाला फेस येतो. काही मिनिटांत लाट ओसरते. यालाच फेफरे, मिरगी किंवा अपस्मार म्हणतात. आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिले. हे आम्ही लहानपणापासून घरात पाहत होतो. फक्त घरात त्याचे नाव वेगळे होते. दादी म्हणायची, "बाहर का असर है."

मागच्या खोलीतली फूफी

फूफीला पहिला झटका लग्नानंतर सासरी आला, चुलीपाशी रोट्या करताना. उजव्या हातावरचा भाजल्याचा डाग अजून आहे. दोन वर्षांत तिला माहेरी आणून सोडले. दादीने काय केले नाही? बुलढाण्याजवळ पिंपळगाव सराई इथे सैलानी बाबांचा दर्गा आहे. होळीच्या यात्रेला तिथे सर्व धर्मांचे लाखो लोक येतात आणि घरातल्या आजारी माणसांनाही मोठ्या आशेने आणतात. दादीही कितीतरी जुमेरातींना फूफीला घेऊन गेली. त्या आईच्या तळमळीवर हसण्याचा हक्क आम्हाला नाही.

मधल्या काळात डॉक्टरांच्या गोळ्याही सुरू झाल्या होत्या. दोन महिने झटका आला नाही, तेव्हा घरच्यांना वाटले की ती बरी झाली. गोळ्या बंद केल्या. आठवडाभरात जोराचा झटका आला. मग सगळ्यांनी निष्कर्ष काढला की हे गोळ्यांचे काम नाही, दुसरेच काही आहे. चूक इथे झाली. या गोळ्या मेंदूतली बेताल वीज आवरून धरतात, म्हणून त्या रोज घ्याव्या लागतात. अचानक बंद केल्या तर झटका उसळून येतो. झटक्याविना निदान दोन वर्षे गेली, तरच त्या हळूहळू कमी करायच्या की नाही हे डॉक्टर ठरवतात.

दुसरी चूक गप्प राहण्याची. पाहुणे आले की फूफी मागच्या खोलीत. कारण एकच, "लोगों को पता चला तो लडकियों के रिश्ते कैसे आयेंगे?" त्या लडकियां म्हणजे आम्ही. आमच्यासाठी फूफीला लपवले जात होते, हे कळल्यावर धडा नुसता पाठ करणे आम्हाला जमेना.

हे आजचे ज्ञान नाही

इसवी सनापूर्वी सुमारे 400 च्या काळातल्या ग्रीक वैद्यांच्या ग्रंथात हा आजार मेंदूचा आहे असे मांडले गेले. इब्ने सीना यांनी सुमारे 1025 मध्ये पूर्ण केलेल्या 'अल-कानून' या वैद्यकग्रंथात डोक्याच्या आजारांमध्ये याचे वर्णन केले. जर्मनीत हान्स बर्गर यांनी 1924 मध्ये माणसाच्या मेंदूतली वीज कागदावर उतरवली. आज ईईजी म्हणतात ती हीच तपासणी.

आणि सहीह बुखारीतली ती हदीस! झटके येणारी एक स्त्री प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे आली. झटक्यात आपले अंग उघडे पडते, ही तिची व्यथा होती. प्रेषितांनी तिला सब्र आणि त्याबदली जन्नत, किंवा बरे होण्याची दुआ, यांतून निवडायला सांगितले. तिने सब्र निवडला, फक्त अंग उघडे पडू नये एवढी दुआ मागितली. प्रेषितांनी ती केली. पुढे इब्ने अब्बास (रजि.) तिच्याकडे बोट दाखवून ही जन्नती स्त्री आहे असे सांगत. आम्ही हे वाचून दाखवले तेव्हा फूफीचे हात तांदळात तसेच थांबले. त्या स्त्रीला कोणी मागच्या खोलीत बसवले नव्हते. आणि आजारावर इलाज करा, ही शिकवणही प्रेषितांचीच आहे.

आम्ही काय शिकलो

अब्बांना तयार करून आम्ही फूफीला बुलढाण्याला डॉक्टरांकडे नेले. जगात सुमारे 5 कोटी लोकांना हा आजार आहे. योग्य निदान आणि उपचार मिळाले तर त्यांतले 70 टक्क्यांपर्यंत लोक झटक्यांविना जगू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

एका गोष्टीने आम्ही चकित झालो. डुकराच्या पट्टकृमीची अळी मेंदूत बसल्यानेही झटके येतात, आणि डुकराचे मांस कधीही न खाणाऱ्यालाही ते होऊ शकते. कारण त्या जंताची अंडी माणसाच्या विष्ठेतून पाण्यात, भाजीपाल्यावर आणि हातांवर येतात. म्हणून कच्ची भाजी नीट धुणे आणि जेवणापूर्वी साबणाने हात धुणे महत्त्वाचे.

झटका आला तर माणसाला दाबून धरू नये. तोंडात चमचा घालू नये, पाणी पाजू नये, चप्पल किंवा कांदा हुंगवू नये. आजूबाजूच्या टणक वस्तू दूर कराव्यात, गळ्याभोवतीचे कपडे सैल करावेत, कुशीवर वळवावे आणि घड्याळ पाहावे. पाच मिनिटांत झटका थांबला नाही किंवा शुद्ध न येता दुसरा आला, तर 108 ला फोन करावा. अशा माणसाने आगीपाशी आणि विहिरीवर एकटे जाऊ नये. रमजानमध्ये स्वतःच्या मनाने गोळीची वेळ बदलू नये, आधी डॉक्टरांना विचारावे. आजाऱ्याला रोजाची सवलत दीननेच दिली आहे.

फूफीला गोळ्या सुरू होऊन आठ महिने झाले. या काळात दोन झटके आले, दोन्ही गोळी चुकल्यावर. दादीची दुआ सुटलेली नाही आणि ती सुटूही नये. पण आता इशाच्या नमाजनंतर जानमाज घडी करता करता दादीच आतल्या घराकडे हाक मारते, "गोली ली क्या, बेटी?"