अहमदनगर–बीड–परळी लोहमार्ग : आश्वासन आणि पूर्तता

सुमारे २६१ किलोमीटर लांबीच्या या लोहमार्गास १९९५ मध्ये मंजुरी मिळाली. सुमारे ३५३ कोटींचा मूळ अंदाज पुढे ४८०० कोटींवर गेला. पुढे खर्च केंद्र व राज्य यांनी निम्मा-निम्मा उचलावयाचे ठरले. साहजिकच एका बाजूची तरतूद वा भूसंपादन अडले की काम रेंगाळे. आष्टीपर्यंत प्रवासी गाडी सप्टेंबर २०२२ मध्ये पोहोचली, तर बीडला १७ सप्टेंबर २०२५ रोजी. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचा हा मुहूर्त अर्थातच योगायोग नव्हे. तथापि, उद्घाटनांची संख्या म्हणजे प्रगती नव्हे. त्या दिवशीही बीड–परळी टप्पा अपूर्णच होता. विकाराबाद–परभणी मार्गावरील परळीशी जोड मिळेपर्यंत बीड हे शेवटचे स्थानकच राहते आणि हैदराबाद वा नांदेडकडे जाणाऱ्या बीडच्या प्रवाशाला या मार्गाचा उपयोग होत नाही.