दहावा ते सोळावा दिवस

रेडकाला जंत होतात ते माती चाटल्यामुळे, असं गोठ्यागोठ्यांत ऐकायला मिळतं. पोटातल्या मोठ्या गोल जंताच्या बाबतीत ते खरं नाही. रेडकू जन्मतं तेव्हा त्याच्या आतड्यात हा जंत नसतो. आईचा चीक आणि दूध पोटात जातं आणि त्याबरोबर जंताच्या अळ्याही जातात. टॉक्सोकॅरा व्हिट्युलोरम हे या जंताचं नाव. याच्या या वाटेने मला कित्येक वर्षं झपाटलं आहे. दिवाळी अंकात ऐसपैस जागा मिळाली आहे, तेव्हा सविस्तर लिहितो.

नांदेडहून हिंगोलीला जाताना अर्धापूर मागे पडलं की वारंगा फाट्याच्या अलीकडे डोंगरकडा लागतं. हा भाग कळमनुरी तालुक्यातला, केळी आणि हळदीचा. दोन्ही पिकांना शेणखत भरपूर लागतं आणि त्यासाठी दारात जनावर हवंच. काहींच्या गोठ्यात लाल कंधारी गाय असते, पण दुधासाठी भिस्त म्हशीवर. शेण गोठ्यातून उकिरड्यावर, उकिरड्यावरून बागेत आणि बागेच्या बांधावरचं गवत पुन्हा गव्हाणीत, असा फेरा वर्षभर चालू असतो. जंताची अंडी याच फेऱ्यात फिरतात. केळीच्या बागेतली ओल आणि सावली त्यांना मानवते. कडक ऊन आणि कोरडी हवा मात्र सोसत नाही.

तिथल्या एका गोठ्यात पाहिलेलं रेडकू सांगतो. वय दीड महिन्याच्या आत. केस राठ आणि उभे, पोट सुटलेलं, बरगड्या मोजता येतील अशा. शेपटीला आणि मांड्यांना करड्या, चिकण्या, घाण वासाच्या शेणाचा लेप. तोंडाजवळ नाक नेलं तर खवट लोण्याचा वास. हा वास ब्युटिरिक आम्लाचा. एकदा ओळखता आला की विसरत नाही. म्हशीजवळ बसलेल्या आजी म्हणाल्या, “डॉक्टर, दूध तर पोटभर पेऊलालं, पण अंगाला लागंना.” मोठ्या जंताचं याहून नेमकं वर्णन मी पुस्तकातही वाचलेलं नाही.

शेण तपासायला फार काही लागत नाही. मिठाच्या संपृक्त पाण्यात ते कालवायचं, चहाच्या गाळणीने गाळायचं आणि नळी काठोकाठ भरून वर काचेची चकती ठेवायची. अंडी हलकी असल्यामुळे वर येऊन चकतीला चिकटतात. सूक्ष्मदर्शकाखाली गोलसर, पिवळट तपकिरी अंडं दिसतं. कवच जाड आणि त्यावर शिंप्याच्या अंगुस्तानासारखे खळगे. मोजायचीच असतील तर मॅकमास्टर काच आहे. सिडनीच्या मॅकमास्टर प्रयोगशाळेत गॉर्डन आणि व्हिटलॉक यांनी १९३९ मध्ये मेंढ्यांच्या जंतांसाठी ही पद्धत मांडली. ३ ग्रॅम शेण ४२ मिलिलिटर पाण्यात कालवून केलेल्या तपासणीत दोन्ही कप्प्यांतल्या अंड्यांच्या बेरजेला ५० ने गुणलं की एका ग्रॅममधली अंडी कळतात. मोठ्या जंताच्या रेडकात हा आकडा हजारांत सहज जातो.

आता मूळ वाट. शेणातून पडलेलं अंडं उबदार ओलीत साधारण दोन आठवड्यांत पिकतं. चाऱ्याबरोबर ते मोठ्या जनावराच्या पोटात गेलं की अळी आतड्यात थांबत नाही. ती यकृत, फुप्फुस अशा अवयवांत शिरून गप्प पडून राहते. हल्याच्या अंगात शिरलेल्या अळीला पुढची वाट नाही. म्हैस गाभण राहून व्यायला आली की मात्र या अळ्या जाग्या होतात आणि कासेकडे निघतात. दुधातून त्या सर्वांत जास्त उतरतात पहिल्या आठवड्यात, मग झपाट्याने कमी होतात. रेडकाच्या लहान आतड्यातच त्यांची वाढ होते आणि तीन आठवड्यांच्या सुमारास शेणात अंडी दिसू लागतात. मादी एक फुटापर्यंत लांब होते. असे डझनावारी जंत आतड्यात असले तर ते तुंबतं आणि रेडकू दगावतं. जगलं तर तीन-चार महिन्यांचं होईपर्यंत बहुतेक जंत आपोआप बाहेर टाकतं.

म्हणूनच जंतांच्या पाहणीतली नुसती टक्केवारी मला पटत नाही. सहा महिन्यांची वासरं तपासली तर मोठा जंत जवळजवळ सापडणार नाही. महिना-दीड महिन्याची रेडकं तपासली तर त्याच गावात तो ढिगाने सापडेल. वय विचारल्याशिवाय टक्केवारी वाचू नये. म्हशी आपल्याकडे बहुतांशी पावसाळ्यापासून हिवाळ्याच्या तोंडापर्यंत वितात, तेव्हा महिन्याचाही हिशेब धरावा लागतो.

बाकीचे परजीवी थोडक्यात. पहिल्या तीन आठवड्यांत पातळ हगवण लावणारा क्रिप्टोस्पोरिडियम, दुधातून आणि कातडीतूनही शिरणारा बारीक स्ट्राँगिलॉइडिस, तीन आठवड्यांनंतर रक्ती हगवण लावणारे आयमेरिया, चरायला लागल्यावर पावसाळी गवतातून येणारे स्ट्राँगाइल आणि पट्टकृमी. आयमेरियावर जंताचं नेहमीचं औषध चालत नाही, एवढं तरी लक्षात ठेवावं.

परत मोठ्या जंताकडे. श्रीलंकेत म्हशींवर काम करणाऱ्या जे. ए. रॉबर्ट्स यांनी १९८९ मध्ये उपचाराचा दिवस शोधला: जन्मानंतर दहावा ते सोळावा. त्याआधी औषध पाजलं तर दुधातून पुढे येणाऱ्या अळ्या सुटतात, फार उशीर केला तर जंत अंडी घालू लागतात. या आठवड्यात पायरँटेलची एकच मात्रा रेडकू वाचवते आणि गोठ्याची जमीनही अंड्यांपासून वाचवते. मात्रा पशुवैद्यकाने वजन पाहून ठरवावी. वापरात पिपेराझीनही आहे.

दुधातून जंत येतात म्हणून चीक तोडायचा नाही, हे मला ठासून सांगायचं आहे. वार पडेपर्यंत चीक न पाजण्याची चाल अजून पुष्कळ घरांत आहे आणि ती वाईट आहे. पहिल्या एक-दोन तासांत चीक मिळालाच पाहिजे. त्यातून मिळणारी रोगप्रतिकारक शक्ती दुसऱ्या कशातूनही मिळत नाही. जंतावर औषध आहे, हुकलेल्या चिकावर नाही. रेड्याच्या वाट्याला तर दूधही कमी आणि औषधही नाही. तो हल्या म्हणून टाकून दिला तरी त्याच्या शेणातली अंडी त्याच दावणीला पडतात आणि शेजारची वगार तीच खाते. तिच्या अंगात साचलेल्या अळ्या ती पहिल्यांदा विईल तेव्हा बाहेर निघतील. मोठ्या जनावराला औषध पाजून अवयवांतल्या या अळ्यांवर फारसा परिणाम होत नाही.

गावोगाव जंतनाशकाची शिबिरं होतात आणि व्हायलाच हवीत. पण शिबिराची तारीख सगळ्या गावाला एक आणि रेडकाचा दहावा दिवस प्रत्येकाचा वेगळा. डोंगरकड्यासारख्या गावात औषधाची बाटली गावातच जनावरांची काळजी घेणाऱ्या पशुसखीच्या हाती हवी आणि म्हैस व्याल्याची तारीख तिच्या वहीत त्याच दिवशी चढायला हवी.