‘आडजात’ म्हणजे कोणते लाकूड?

आमच्या काटोल भागात घर बांधायला काढलेला मनुष्य आरामशीनवर गेला, की त्याला पहिला प्रश्न येतो, ‘‘सागाचं पायजे का आडजात?’’ यातला दुसरा शब्द सर्वांच्या तोंडी आहे. वन खात्याच्या लिलावाच्या जाहिरातीतही ‘साग व आडजात इमारती माल’ अशी जोडी आढळते. अर्थ विचाराल तर सोपा आहे : साग नव्हे ते सारे आडजात. मात्र आडजात नावाचे झाड कोणत्याही जंगलात उगवत नाही. ऐन, बिजा, तिवस, धावडा, हळदू, शिसम, मोवई, सालई अशी कितीतरी झाडे या एका पोत्यात भरलेली आहेत.

‘आड’ म्हणजे मुख्य नव्हे ते, बाजूचे. आडवाट, आडगाव, आडनाव हे शब्द तसेच. आडसाली ऊस म्हणतात तोही वर्षाच्या मापात न बसता सोळा-अठरा महिने शेतात उभा राहतो म्हणून. ‘जात’ म्हणजे प्रकार. संत्र्याची जात, कापसाची जात म्हणतो तसा. एवढ्यावर थांबले असते तर तक्रार नव्हती. पण आपल्याकडे जात हा शब्द प्रकार सांगता सांगता पायरीही सांगून जातो, आणि आडजात म्हटले की गिऱ्हाइकाच्या मनात ‘हलके’ असेच उमटते.

सागाचा मान खोटा नाही. त्याच्या अंगात तेल असते, वाळवी सहसा लागत नाही, ऊनपावसात तो फारसा वाकत नाही. आज्ञापत्रात रामचंद्रपंत अमात्यांनी आरमारासाठी सागाची काळजी वाहिली आहे. मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेले, 1817 साली पाण्यात उतरलेले सागाचे ‘ट्रिंकोमाली’ जहाज इंग्लंडात हार्टलपूल येथे आजही तरंगते. 2023 साली खुल्या झालेल्या संसद भवनालाही नागपूरकडचाच साग गेला. इंग्रज सरकारला जहाजे आणि इमारती यांसाठी साग हवा होता; ज्याची गरज त्याची मोजदाद आधी, आणि उरलेले ‘इतर’. ही नजर पुढेही टिकली. नागपूरला मुख्यालय असलेले वनविकास महामंडळ 1974 साली निघाले, त्यानंतर कित्येक ठिकाणी मिश्र जंगल तोडून साग लावला गेला. मोहाची फुले, तेंदूची पाने आणि चारोळी यांचा पैसा जंगलकाठच्या घरांत येतो; ही तिन्ही झाडे वहीत आडजातच!

आता कामाचे पाहू. साग तोडणाऱ्या कुऱ्हाडीचा दांडा धावड्याचा असतो. बंडीचा आसही धावड्याचा. इंग्रजी व्यापारात त्या लाकडाचे नावच मुळी ‘आसाचे लाकूड’ असे पडले आहे. बाळंतिणीच्या लाडवांतला डिंक त्याचाच. वखर-नांगराला तिवस, घराच्या कड्यांना ऐन, फण्या आणि खेळणी करायला पिवळाधमक हळदू, खोक्यांसाठी हलकी सालई. शिसम तर बरेचदा सागाहून महाग विकला जातो. तो आडजात कसा, हे आम्हाला अजून कोणी पटवून दिलेले नाही.

या शब्दाशी आमचा संबंध आला तो मजुरीच्या वहीतून. एका आरामशीनवर हमालीचा आणि चिराईचा दर घनफुटावर होता : सागाला एक, आडजातीला त्याहून कमी. मालकांचे म्हणणे असे, की माल स्वस्त तर मजुरीही स्वस्त. ऐकायला ठीक वाटते. पण वाळलेला साग घनमीटरला साधारण साडेसहाशे किलो भरतो आणि धावडा नऊशेच्या आसपास किंवा पुढेच. म्हणजे तेवढ्याच मापाचा लठ्ठा हमालाच्या खांद्यावर जवळजवळ दीडपट जड, आणि हातात पैसे कमी. माप घनफुटाचे, ओझे किलोचे, यांत जो फरक पडत होता तो ‘आडजात’ या एका शब्दाआड दडलेला होता. आम्ही वाटाघाटीला बसलो तेव्हा दरवाढीच्या आधी एवढेच मागितले, की वहीत झाडाचे नाव लिहा. यालाच जास्त विरोध झाला! दर दोन बैठकांत वाढला. नाव लिहिण्याच्या मुद्द्याला मात्र सारा उन्हाळा लागला.

गिऱ्हाइकानेही हेच विचारावे. आडजातीची चौकट स्वस्तात मिळते म्हणून हुरळून जाऊ नये आणि नाकही मुरडू नये. कोणते झाड, ते विचारावे. बिजा असेल तर चौकट वर्षानुवर्षे टिकेल. ऐन मजबूत खरा, पण घाईने वाळवला तर तडकतो. सालईला मात्र बुरशी आणि कीड लवकर धरते. ती दारा-खिडक्यांना घेऊ नये.

त्या आरामशीनच्या वहीत पुढे धावडा, ऐन, बिजा आणि तिवस यांचे वेगळे रकाने पडले. मोवई आणि सालई यांची नोंद मात्र ‘आडजात’ या रकान्यातच राहिली.