शेततळ्यांतील माशांचें मांस : कोणती जात कशी?

द्राक्षबागेच्या कडेला शेततळें नाहीं असें गांव नाशिक जिल्ह्याच्या बागाइती भागांत आतां विरळा. या पाण्यांत मासे सोडावे असें अनेकांस वाटतें. परंतु जातीची निवड बहुधा वाढीच्या वेगावरच होते. खाणाऱ्याच्या ताटांत काय पडतें, याचाही विचार व्हावा, म्हणून ही तुलना.

ताज्या मांसाच्या 100 भागांत साधारणतः 75 ते 80 भाग पाणी व 15 ते 20 भाग प्रथिनें असतात. रोहू, कटला व मृगळ या तिघांच्या प्रथिनांत मोठें अंतर नाहीं. रुचीस पुष्कळ लोक रोहू श्रेष्ठ मानतात. कटल्याचें मस्तक मोठें, म्हणून वजनाच्या मानानें मांस कमी भरतें. तिहींचा समान दोष म्हणजे मांसांत विखुरलेले बारीक काटे. चिलापी व पंगस यांत ते नसल्यानें मुलांस हे मासे सोपे जातात; मात्र पंगसाच्या मांसांत पाणी पुष्कळदां अधिक व प्रथिनें कमी असतात. बांगडा, तारली या सागरी माशांतील हृदयास हितकर स्निग्धाम्लें मात्र यांपैकीं कोणांतही तितकीं नसतात.

मासा मोठा झाला कीं काटा जाड होतो व सहज काढतां येतो. म्हणून रोहू-कटला किलोभर होऊं द्यावा. अडचण अशी कीं, एप्रिलच्या खरड छाटणीनंतर बागेस पाणी लागतें व तळें उतरतें. श्रावणांत लहान बोटुकली सोडली तर तोंपर्यंत मासा अर्धवटच राहतो. मग पंगस कां नको? तो लवकर वाढतो खरा, पण उष्ण पाण्याचा जीव; निफाडच्या थंडींत पाणी गार झालें कीं त्याचें खाणें मंदावतें. चिलापीचेंही तसेंच, आणि तिच्या संवर्धनास परवानगी लागते. सबब कार्प जातींचें वर्षभर वाढविलेलें थोरलें बीज विरळ सोडणें हाच आमच्या मतें सरळ मार्ग. तळ्यास कागद असेल तर तळाचा गाळ नसतो. तेथें गाळांत चरणारा मृगळ कमी ठेवावा.

मांसाची प्रत मालकाच्या हातींही असते. पाण्यांत निळें-हिरवें शेवाळ माजलें तर मांसास मातकट वास येतो. बोर्डो मिश्रणाचें धुवण तळ्यांत जातां कामा नये. त्यांतील तांबें माशांस विष आहे. काढण्यापूर्वीं एक दिवस खाद्य बंद ठेवावें आणि मासा निघतांच त्याच्या वजनाइतक्या बर्फांत घालावा. उत्तम जातीचा मासा दुपारच्या उन्हांत टोपलींत राहिला, तर वर्षाची मेहनत तासाभरांत वायां जाते.