टक्क्यांच्या आड लपलेली चोरी

पीएच.डी.चा प्रबंध जमा करायची वेळ आली की विद्यार्थ्यांच्या तोंडी एकच प्रश्न असतो, ‘किती टक्के आले?’ विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही, त्यामुळे साडेनऊ आले की पेढे वाटायला हरकत नसते! पण सॉफ्टवेअर नेमकं मोजतं काय? ते मजकुराचे छोटे तुकडे पाडतं, प्रत्येक तुकड्याची एक संख्या बनवतं आणि त्यांतल्या निवडक संख्या, म्हणजे त्या मजकुराचे ठसेच, साठ्यातल्या ठशांशी ताडून पाहतं. युक्ती सुरेख आहे, पण त्यातून कळतं ते साम्य, चोरी नव्हे. रीतसर श्रेय देऊन घेतलेला उताराही जुळतो आणि इंग्रजी लेखाचा गुपचूप केलेला मराठी अनुवाद अशा जुळणीतून सहीसलामत सुटतो. शिवाय त्या साडेनऊ टक्क्यांत अख्खा निष्कर्ष उचललेला असू शकतो.

चोरी ओळखतो तो वाचक. जर्मनीचे माजी संरक्षणमंत्री कार्ल-थिओडोर त्सु गुटेनबर्ग यांच्या प्रबंधाला बायरॉइट विद्यापीठाने सर्वोच्च श्रेणी दिली होती. २०११मध्ये ब्रेमेनचे कायद्याचे प्राध्यापक आंद्रेआस फिशर-लेस्कानो त्याचं परीक्षण लिहायला बसले, शंका आलेली वाक्यं त्यांनी साध्या गूगलवर टाकली आणि वृत्तपत्रांतले परिच्छेद जसेच्या तसे समोर आले. मग इंटरनेटवर जमलेल्या हौशी मंडळींनी पानन्‌पान तपासलं. पदवी गेली, १ मार्चला मंत्रिपदही. त्याच वर्षी उघड झालेली खरी नामुष्की मात्र सर्वोच्च श्रेणी देणाऱ्या परीक्षकांची होती, आणि त्यांच्याविषयी फारसं कुणी बोलत नाही. शब्द बदलून देणाऱ्या सॉफ्टवेअरने ठसे पुसले तरी वाचकाला वास येतोच. संशोधक गियोम काबानाक आणि सहकाऱ्यांनी २०२१मध्ये ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स’ऐवजी ‘काउंटरफिट कॉन्शसनेस’ लिहिणारे शोधनिबंध पकडले. असे चमत्कारिक शब्दप्रयोग माणसांनी आधी हेरले, यंत्राला ते शोधायला लावलं नंतर.

इतके प्रबंध वाचायचे कुणी, असं कुणी म्हणेल. ढिगाऱ्यातून संशयित वेगळे काढायला यंत्र हवंच. पण एका प्रबंधाला मार्गदर्शक असतो, परीक्षक असतात आणि वाचणं हेच त्यांचं काम आहे. अहवालावर सही करण्याआधी त्यांनी प्रबंधातली भाषा जिथे अचानक बदलते अशी पाच-सहा वाक्यं अवतरणचिन्हांत घालून स्वतः शोधून पाहावीत, आणि अनुवादाची शंका आली तर इंग्रजीतूनही.