लोकल म्हणजे नेमकं कुठलं?

शिरूरच्या बाजारात मिक्सरचं भांडं घ्यायला गेलं, की दुकानदार आधी विचारतो, "कंपनीचं देऊ का लोकल?" लोकल म्हणजे हलकं, हे आपण धरूनच चालतो. खरं तर या इंग्रजी विशेषणात दर्जाचा मागमूसही नाही. लॅटिनमध्ये 'लोकस' म्हणजे जागा. लोकल म्हणजे त्या जागेचं. गंमत अशी, की 'लोकल' म्हणून मिळणारं ते भांडं कित्येकदा थेट दिल्लीकडून आलेलं असतं. आणि खरोखर इथली असलेली अंडी 'गावरान' म्हणून चढ्या भावाने जातात. अर्थ एकच, एका शब्दाने भाव चढतो, दुसऱ्याने पडतो.

लोकल म्हणजे 'लोकांचं', असंही काहींना वाटतं. जुळतं झकास, पण संस्कृत 'लोक'चा 'लोकस'शी संबंध नाही. 'लोक'चं मूळ उजेडाकडे, पाहण्याकडे जातं. अवलोकन, आलोक हे त्याच घरातले. 'लोकस'चा खरा भाऊबंद दौंडकरांच्या तोंडी रोज असतो: लोको. लोकोमोटिव्ह, म्हणजे रेल्वेचं इंजिन, शब्दशः जागेवरून हलणारं. नगरकडून आलेल्या गाडीला पुण्याला जायचं, तर दौंडात इंजिन सोडवून दुसऱ्या टोकाला जोडावं लागे. चहा पिऊन यायला तेवढा वेळ पुरायचा. एकाच मुळापासून जागेला चिकटलेला लोकल निघाला आणि जागा सोडणारा लोकोही.

लोकल हे गाडीचं नावही नव्हे. 'लोकल ट्रेन'मधली ट्रेन आपण गाळली, विशेषणाचं नाम केलं आणि गाडीवरून त्याला स्त्रीलिंगही दिलं: ती लोकल. पुणे-लोणावळा मार्गावर ती 1978 पासून धावते. पुणे-दौंड मार्गावर 2017 मध्ये डेमू, म्हणजे डिझेलवरची गाडी आली, पण प्रवाशांचं म्हणणं, ही लोकल नव्हे, आम्हाला खरी लोकल द्या. शिरूरला रेल्वेच नाही. गाडी पकडायची तर न्हावरा, चौफुला करत केडगाव स्टेशन गाठायचं.

या शब्दावरून सगळ्यात जास्त ताणाताणी होते ती रांजणगाव एमआयडीसीच्या गेटवर. नोकरीत लोकलला प्राधान्य म्हणजे आपल्या गावच्या पोरांना, असा समज पक्का आहे. सरकारी धोरणातला स्थानिक मात्र राज्यात 15 वर्षं राहिलेला माणूस. म्हणजे गडचिरोलीचा मुलगाही इथे लोकलच. कारेगावात हे सांगून पाहा. तिथे लोकल म्हणजे ज्याची जमीन एमआयडीसीत गेली तो.