रात्री दहानंतरचा अभ्यास

दहावीच्या मुलांचा कुठलाही व्हॉट्सॲप ग्रुप उघडून पाहा. संध्याकाळभर शुकशुकाट असतो. दहा वाजून गेले की पहिला मेसेज पडतो, "चौथं गणित कुणाला आलं?" थोड्या वेळाने कुणीतरी वहीच्या पानाचा फोटो टाकते. ट्यूबलाइटच्या उजेडात काढलेला, कोपऱ्यात बोट आलेला. त्याखाली अंगठ्यांची आणि जोडलेल्या हातांची रांग लागते. सकाळी वर्गातल्या निम्म्या वह्यांत तेच गणित उतरलेले असते आणि तिसऱ्या ओळीत साइनच्या जागी कोसाइन लिहिण्याची चूकही तीच. गुरुजी म्हणतात, ही कॉपी आहे. घरचे म्हणतात, पोरे रात्री जागून अभ्यास करताहेत. खरे कोणाचे?

हा वाद कॅनडात थेट शिस्तपालन समितीपुढे गेला होता. २००८ साली टोरांटोच्या रायर्सन विद्यापीठातला पहिल्या वर्षाचा एक अभियांत्रिकीचा विद्यार्थी रसायनशास्त्राच्या गृहपाठासाठी फेसबुकवर ग्रुप चालवत होता. त्याच्यावर १४७ आरोप ठेवले गेले. ग्रुप चालवल्याचा एक आणि ग्रुपमधल्या प्रत्येक सदस्यामागे एक, असे १४६. गृहपाठ ज्याचा त्याने करायचा, असे प्राध्यापकांनी सांगितलेले होते. विद्यार्थी विचारत होता, लायब्ररीत चौघांनी मिळून केलेला अभ्यास चालतो, तर फेसबुकवर का नाही? समितीने त्याला काढून टाकले नाही, त्या गृहपाठाचे गुण मात्र शून्य केले. योगायोग असा की त्याच वर्षी तेव्हाच्या आदिलाबाद जिल्ह्यात (आता निर्मल) बासरला राजीव गांधी यांच्या नावाचे विद्यापीठ सुरू झाले, ज्याला सगळे ट्रिपल आयटी म्हणतात. दहावी झालेली खेड्यापाड्यांतली मुले निवडायची, सहा वर्षे तिथेच ठेवायची आणि प्रत्येकाच्या हाती लॅपटॉप द्यायचा, अशी ती योजना. एका गावात पडद्यावरचा एकत्र अभ्यास गुन्हा ठरत होता, दुसऱ्या गावात पडद्याच्या भरवशावर अख्खे विद्यापीठ उभे राहत होते.

शिक्षण मोजणाऱ्या शास्त्रज्ञांनी हा प्रश्न नीतीच्या चौकटीतून बाहेर काढला, हे बरे झाले. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये भौतिकशास्त्रज्ञ डेव्हिड प्रिचर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑनलाइन गृहपाठाच्या नोंदी तपासल्या. गणित वाचायलाही पुरणार नाही इतक्या वेळात आलेले बरोबर उत्तर कुठून आले असेल, हे घड्याळच सांगते. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सुमारे ११ टक्के उत्तरे उतरवलेली निघाली. मुलांनी सर्वेक्षणात जेवढी कबूल केली, त्याहून हे प्रमाण बरेच जास्त होते. ३० टक्क्यांहून अधिक गणिते उतरवणाऱ्यांची नापास होण्याची शक्यता इतरांच्या सुमारे तिप्पट होती. आता कुणी म्हणेल, कच्ची मुलेच उतरवतात, मग नापास तीच होणार. पण सुरुवातीच्या चाचण्यांतली गणित-भौतिकशास्त्राची तयारी आणि उतरवणे यांचा संबंध जवळजवळ लागलाच नाही. लागला तो वेळेशी. बाकीची मुले मुदतीआधीचे तीन दिवस थोडे थोडे करत होती, उतरवणारी शेवटच्या रात्री बसत होती. मला हा सगळ्यात महत्त्वाचा निष्कर्ष वाटतो, कारण रात्री दहाचा तो मेसेज आळशी किंवा लबाड मुलाचाच असतो हे आपण फार लवकर ठरवून टाकतो. त्याच संस्थेत अभ्यासक्रमाची मांडणी आणि शिकवण्याची पद्धत बदलल्यावर हे प्रमाण ३ टक्क्यांच्याही खाली आले.

रटगर्स विद्यापीठातली आकडेवारी अधिक काळजीची आहे. गृहपाठात चांगले गुण आणि परीक्षेत त्याहून कमी, अशी मुले २००८ साली १४ टक्के होती, २०१७ पर्यंत ती ५५ टक्के झाली. मधल्या काळात फोन प्रत्येकाच्या खिशात आला होता. उत्तर वहीत आले खरे, डोक्यातून गेलेच नाही.

म्हणून ग्रुप बंद करायचे? मुळीच नाही. कोलोरॅडो विद्यापीठातल्या जनुकशास्त्राच्या वर्गाचा एक प्रयोग २००९ साली 'सायन्स'मध्ये आला. प्रश्न विचारायचा, प्रत्येकाने एकट्याने उत्तर द्यायचे. मग शेजाऱ्याशी चर्चा करून त्याच प्रश्नाचे पुन्हा उत्तर द्यायचे. बरोबर उत्तरे सरासरी ५२ टक्क्यांवरून ६८ वर गेली. इथवर हुशार मुलाचे ऐकून बाकीच्यांनी उत्तर बदलले असेल, अशी शंका घेता येते. म्हणून त्याच तत्त्वावरचा दुसरा प्रश्न एकट्याने सोडवायला दिला. त्यात ७३ टक्के बरोबर! आणि हिशेब असे सांगत होता की ज्या गटात सुरुवातीला कुणालाच उत्तर येत नव्हते, तिथलीही मुले शिकली. एकमेकांना समजावताना आपण कुठे अडलो ते कळते, आणि ते कळले की पुढची वाट दिसते.

आदिलाबादच्या मराठी मुलांना हे समजावणे इतरांपेक्षा जास्त लागते. पैनगंगेच्या या काठाला घरात मराठी, बाजारात तेलुगू आणि उर्दू, आसपास गोंडी आणि कोलामी. तेलंगणच्या सरकारी शाळांत २०२२-२३ पासून पहिली ते आठवी इंग्रजी माध्यम आले. 'अपवर्तन म्हणजे काय रे' असे आपल्या बोलीत विचारायला आणि बोलीतच समजून घ्यायला या मुलांना हक्काची जागा कुठली? ती त्यांनी स्वतःच तयार केली आहे, फोनवर. कापूस वेचणीत दोन दिवस बुडाले की फळ्यावर काय झाले तेही तिथेच कळते. तिला सरसकट कॉपी म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

मोठ्यांनी केलेल्या गुन्ह्यांमुळे हे ग्रुप नाहक बदनाम झाले, हेही खरे. मार्च २०२३ मध्ये सिंदखेडराजाकडे बारावीच्या गणिताची पाने फुटली. पुढच्याच महिन्यात तांडूरला दहावीचा तेलुगूचा पेपर सुरू होताच व्हॉट्सॲपवर गेला, तो एका शिक्षकाच्या फोनवरून. त्याचा आणि मुलांच्या अभ्यासाचा काडीचा संबंध नाही.

गणितज्ञ युरी ट्राइसमन यांनी १९७०च्या दशकात बर्कले विद्यापीठात कॅल्क्युलसच्या वर्गातली २० चिनी वंशाची आणि २० कृष्णवर्णीय मुले बारकाईने पाहिली. पहिली मुले आधी एकेकटी गणिते करत आणि मग एकत्र बसून एकमेकांच्या चुका काढत. दुसरीही कष्ट करत, पण एकटीच, आणि मागे पडत. ट्राइसमन यांनी त्यांना सोपी शिकवणी लावली नाही. अवघड गणिते देऊन एकत्र बसवले आणि त्यांचे निकाल सुधारले. आधी एकट्याने, मग मिळून, हा क्रम फोनवरही पाळता येतो.

गणित कसे दिले, यावरही बरेच ठरते. समजा बहिर्गोल भिंगाचे नाभीय अंतर सगळ्यांना १५ सेंटिमीटर दिले आणि वस्तूचे अंतर 'तुमचा हजेरी क्रमांक अधिक २०'. दहा नंबरच्या मुलाची वस्तू ३० सेंटिमीटरवर, तिची प्रतिमाही ३० वर, आकार तेवढाच. पंचवीस नंबरची प्रतिमा साडेबावीसवर. चाळीस नंबरची २० वर, आकार एक तृतीयांश. इथे फोटो टाकून कुणाचे भागत नाही, रीतच विचारावी लागते. आणि शेवटचा प्रश्न असा घालायचा : सगळ्यांची उत्तरे एका तक्त्यात मांडा आणि वस्तू दूर गेली तसे प्रतिमेचे काय झाले, ते का झाले, ते लिहा. हा तक्ता ग्रुपशिवाय भरताच येत नाही.